छत्र आणि झोळी

तंजावूरच्या राजवाड्याच्या आवारात येणारा मराठी प्रवासी बहुधा सरस्वती महाल ग्रंथालयापाशी थांबतो. दूर तमिळ मुलुखात मोडी लिपीतील मराठी कागदांचे एवढे भांडार पाहून त्याला नवल वाटते आणि ते साहजिक आहे. परंतु याच राजवाड्याशी निगडित असलेल्या धन्वंतरी महालाची चौकशी फारसे कोणी करीत नाही. सरफोजी राजे दुसरे (१७७७–१८३२) यांनी चालविलेली ही वैद्यकाची संस्था. येथे औषधे तयार होत, रोग्यांवर त्यांचा अनुभव घेतला जाई आणि आलेल्या गुणाची नोंद ठेवली जाई. निवडक उपचार पुढे तमिळ पद्यात ‘सरभेंद्र वैद्य मुरैगळ’ या नावाने ग्रथित झाले. नेत्ररोग्यांच्या नोंदी तर आजचे डॉक्टरही कुतूहलाने वाचतात. प्रस्तुत पाठात मात्र आपल्याला औषधांचा नव्हे, औषधांच्या खर्चाचा विचार करायचा आहे. आजारी माणसाचा खर्च कोणी सोसावा, हा तो प्रश्न. त्याचे एक जुने उत्तर तंजावूरच्या दप्तरात सापडते.

१७९९ च्या तहाने तंजावूरचा राज्यकारभार इंग्रज कंपनीकडे गेला. सरफोजींकडे किल्ला व राजवाडा उरला. त्याशिवाय एक लाख होनांची वार्षिक नेमणूक आणि महसुलाचा पाचवा हिस्सा त्यांना ठरवून मिळाला. राज्य गेलेला राजा सहसा आपल्या मानमरातबासाठी भांडतो. सरफोजींनी १८०१ मध्ये रेसिडेंट बेंजामिन टॉरिन यांना जे पत्र लिहिले, त्याचा विषय मात्र छत्रे हा होता. रामेश्वराच्या वाटेवर भोसले घराण्याने, विशेषतः राजस्त्रियांच्या नावाने, जागोजाग छत्रे उभारली होती. छत्र म्हणजे केवळ धर्मशाळा नव्हे. त्याच्या खर्चासाठी गावांचे उत्पन्न कायमचे लावून दिलेले असे. हे उत्पन्न सरकारजमा होऊ नये, एवढेच राजांचे म्हणणे होते, आणि ते पटावे म्हणून छत्रात काय काय चालते याचे सविस्तर वर्णन त्यांनी केले.

ते वर्णन आजही वाचण्यासारखे आहे. येणाऱ्या प्रत्येक वाटसरूला अन्न मिळे. रात्री उशिरा पोहोचलेले लोक उपाशी निजले असतील म्हणून मध्यरात्री घंटा वाजवून त्यांना उठविले जाई आणि जेवू घातले जाई. वाटेत कोणी आजारी पडला तर वैद्य व औषध यांची सोय असे आणि बरा होईपर्यंत त्याची आस्थेने शुश्रूषा होई. गर्भवती स्त्रीचे बाळंतपण तेथेच होई व नंतरही काही काळ तिला तेथे राहता येई. आईबाप वाटेतच वारले तर पोरक्या मुलांना छत्रातील शिक्षकाच्या हवाली करून त्यांच्या शिक्षणाची तजवीज केली जाई. जातीपातींचे भेद त्या काळी होते तसे छत्रातही होते. पंक्ती वेगळ्या होत्या, शिधा वेगळा होता. तेव्हा या व्यवस्थेला आदर्श म्हणण्याची घाई करू नये. तरीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. छत्रात आलेल्या रोग्याला आपण कोण, आपले कर्तृत्व काय, हे सांगून मदतीची विनवणी करावी लागत नसे. त्याच्या उपचाराचा खर्च तो आजारी पडण्याच्या कितीतरी आधी एखाद्या गावाच्या भातशेतीतून बाजूला काढलेला असे.

आता आजच्या काळाकडे येऊ. वर्तमानपत्रात वा मोबाइलवर एक आवाहन येते. एकेकाळचा गाजलेला खेळाडू, अभिनेत्री किंवा शाहीर रुग्णालयात आहे, उपचारांना इतके लाख लागणार आहेत, चाहत्यांनी यथाशक्ती मदत करावी. पूर्वी अशा वेळी झोळी फिरवली जाई, नाट्यप्रयोगाचे उत्पन्न देऊन टाकले जाई किंवा थैली अर्पण केली जाई. मराठी समाजाला लोकवर्गणी नवी नाही. गणेशोत्सवापासून शाळेच्या इमारतीपर्यंत आपण सारे वर्गणीवरच उभे केले. गेल्या दीड दशकात तिला संगणकाचे साधन लाभले. ‘मिलाप’ (२०१०), ‘केटो’ (२०१२) अशा संस्थांच्या संकेतस्थळांवर रुग्णाचे छायाचित्र, रुग्णालयाचे खर्चाचे अंदाजपत्रक आणि आजाराची हकिकत मांडली जाते. देणगीदार घरबसल्या पैसे पाठवतो. साधन चांगलेच आहे. परंतु त्याने काही प्रश्नही उभे केले आहेत, आणि नामवंतांच्या बाबतीत ते अधिक ठळकपणे दिसतात.

बडोद्याचे क्रिकेटपटू अंशुमान गायकवाड यांचे उदाहरण घेऊ. तंजावूरप्रमाणेच बडोदेही महाराष्ट्राबाहेर मराठी जपणारे संस्थान. वडील दत्ताजीराव भारताचे कर्णधार होते. अंशुमान स्वतः ४० कसोटी सामने खेळले. १९७६ मध्ये जमैकातील किंग्स्टन येथे वेस्ट इंडीजच्या वेगवान माऱ्यापुढे त्यांनी ८१ धावा केल्या आणि अखेर कानावर चेंडू आदळल्याने त्यांना रुग्णालयात न्यावे लागले. पुढे ते भारतीय संघाचे प्रशिक्षकही झाले. रक्ताच्या कर्करोगावर लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयात त्यांचे उपचार चालू असताना पैशांची चणचण भासू लागली. जुने सहकारी संदीप पाटील यांनी २०२४ च्या जुलै महिन्यात वर्तमानपत्रात ही गोष्ट लिहिली. कपिल देव यांनी आपले निवृत्तिवेतन देण्याची तयारी दाखविली. इतर सहकारीही निधी जमविण्याच्या खटपटीला लागले. १४ जुलैला क्रिकेट नियामक मंडळाने एक कोटी रुपये देत असल्याचे जाहीर केले. ३१ जुलैला बडोद्यात गायकवाड यांचे निधन झाले.

या घटनेत कोणाला दोष देण्याचे कारण नाही. मदत मनापासून झाली. पण मदत मिळण्याचा क्रम पाहा. आधी आजार, मग बचतीचा अंत, मग संकोच, मग एखाद्या मित्राने धैर्य करून लिहिलेले चार शब्द आणि त्यानंतर रक्कम. संकोचात किती दिवस जातात याची नोंद कोठेच होत नाही. जो माणूस आयुष्यभर टाळ्या घेत आला, त्याला हात पसरणे इतरांपेक्षा अवघडच जाते. कपिल देव यांनी त्याच वेळी एक व्यावहारिक मुद्दा मांडला होता. आपल्या पिढीच्या खेळाडूंसाठी अशा प्रसंगी काही ठरलेली व्यवस्थाच नाही, ती विश्वस्त संस्थेच्या रूपाने उभी राहावी, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणजे झोळीच्या जागी छत्र असावे, असेच ते सुचवीत होते.

“एवढा मोठा माणूस, त्याला पैशांची काय कमी?” असा प्रश्न अशा आवाहनानंतर हटकून विचारला जातो. तो विचारणाऱ्याने कीर्ती आणि संपत्ती यांची गल्लत केलेली असते. आज क्रिकेटमध्ये वाहणारा पैसा गायकवाड यांच्या पिढीच्या वाट्याला आला नव्हता. माजी खेळाडूंना मंडळाचे निवृत्तिवेतनसुद्धा २००४ पासून सुरू झाले. कलावंतांची स्थिती तर याहून बिकट. तमाशासम्राज्ञी विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांच्या फडासाठी गावोगावची माणसे रात्र रात्र जागली. राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. पण फडाचे उत्पन्न एका हाताने येते आणि ढोलकीवाला, नाच्या, सोंगाड्या, आचारी, गाडीवान या सगळ्यांच्या पोटासाठी दुसऱ्या हाताने जाते. भविष्य निर्वाह निधी, उपदान, कामगार विमा हे शब्द फडाच्या हिशेबवहीत नसतात. उतारवयात विठाबाईंची परवड झाली. जानेवारी २००२ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा रुग्णालयाचे बिल देणगीदारांच्या मदतीने भागवावे लागले. २००६ पासून राज्य शासन त्यांच्या नावाने तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देते. त्यांच्या नावाला उशिरा का होईना मान मिळाला हे चांगले झाले. बिल मात्र त्या नावावर आधीच चढलेले होते.

दुसरा प्रश्न अधिक नाजूक आहे. जाहीर मदत मागताना माणसाला आपला आजार जाहीर करावा लागतो. डॉक्टर आणि रोगी यांच्यात राहावयाची गोष्ट चारचौघांत येते. अंथरुणावरचे छायाचित्र घरोघर पोहोचते. आणि पैसे देणाऱ्याला, किंबहुना न देणाऱ्यालाही, न्यायाधीश झाल्यासारखे वाटू लागते. डिसेंबर २०२४ मध्ये विनोद कांबळी ठाणे जिल्ह्यातील रुग्णालयात दाखल झाले. रुग्णालयाने विनामूल्य उपचार देऊ केले, मदतीचे हात पुढे आले, पुढे सुनील गावसकर यांच्या संस्थेने दरमहा साहाय्य देऊ केले. त्याचबरोबर त्यांच्या आयुष्याचा हिशेबही चव्हाट्यावर मांडला गेला. त्यांनी कसे वागावयास हवे होते, हे ज्यांनी एक रुपयाही दिला नाही त्यांनी हिरिरीने सांगितले. आधी व्यसनमुक्तीची तयारी, मग मदत, असे काही जुन्या खेळाडूंनी सुचविले. त्यामागे कळकळ होती हे मान्यच करावे लागेल. तरीही विचार करा. छत्रातला वैद्य औषध देण्यापूर्वी रोग्याचे चारित्र्य तपासत बसला असता, तर किती रोगी बरे झाले असते?

तिसरा प्रश्न ज्यांना नावच नाही त्यांचा. एखाद्या नटाच्या आवाहनावर दोन दिवसांत लाखो रुपये जमतात. त्याच रुग्णालयात, त्याच आजाराचा, बीड वा तंजावूर जिल्ह्यातला शेतमजूर असतो. त्याचेही छायाचित्र संकेतस्थळावर असते. पण त्याला ओळखणारी माणसे त्याच्याइतकीच गरीब असतात. लोकवर्गणीचा ओघ गरजेच्या मागे जात नाही, ओळखीच्या मागे जातो. देणगीदाराचा यात अपराध नाही. ज्याच्या खेळाने वा गाण्याने आपल्याला आनंद दिला त्याचे ऋण फेडावे, ही भावना निर्मळच आहे. मात्र त्या भावनेवर एखाद्या समाजाची आरोग्यव्यवस्था उभी राहू शकत नाही.

वर्गणीतूनही छत्र उभे राहू शकते, याचा पुरावा तंजावुरातच आहे. तेथील ‘राजा मिरासदार रुग्णालय’ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उभे राहिले, ते राजघराण्याच्या आणि जमीनदार मिरासदारांच्या देणग्यांवर. दोघांचीही आठवण नावात राहिली आहे. (मिरासदार हा शब्द मराठी वाचकाला परका नाही.) ही वर्गणी कोण्या एका रुग्णासाठी जमवलेली नव्हती, पुढे येणाऱ्या, ज्यांची नावे देणाऱ्यांना ठाऊकही नव्हती, अशा रुग्णांसाठी होती. आज हे रुग्णालय शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले असून स्त्रिया व बालकांवर तेथे उपचार होतात.

शासन या बाबतीत स्वस्थ बसले आहे असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली प्रत्येक कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार मोफत देण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत व दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवाव्यात आणि बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकावी, अशी योजना मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने लागू आहे. वृद्ध साहित्यिक व कलावंतांचे मासिक मानधन २०२४ मध्ये सरसकट पाच हजार रुपये करण्यात आले. पण योजनेच्या यादीत नसलेला आजार, यादीत नसलेले रुग्णालय, खाट राखीव आहे हे नातेवाइकांना कोणी न सांगणे, अशा फटींतून माणसे निसटतात आणि वर्गणीच्या दाराशी येतात. पाच हजारांत महिन्याची औषधे येतात, शस्त्रक्रिया येत नाही.

राहिला पैशांच्या हिशेबाचा प्रश्न. जमलेली रक्कम रुग्णाच्या खात्यात जाते की थेट रुग्णालयाच्या? संकलन करणारी संस्था आपल्यासाठी किती ठेवते? नोंदणीकृत विश्वस्त संस्थेला दिलेल्या देणगीवर प्राप्तिकरात सवलत मिळू शकते, एखाद्या व्यक्तीला दिलेल्या रकमेवर मिळत नाही. हे देणाऱ्याला ठाऊक असते का? आणि गरजेपेक्षा अधिक पैसे जमले, किंवा उपचार पुरे होण्याआधीच रुग्ण दगावला, तर उरलेल्या पैशांवर अधिकार कोणाचा? वारसांचा, देणाऱ्यांचा, की शेजारच्या खाटेवरील रुग्णाचा? ज्या आवाहनात याचे उत्तर आधीच लिहिलेले असते, अशी आवाहने आहेत, पण थोडी.