मैदानाच्या कडेला उभी असलेली मुले

ताप्ती खोऱ्याचा रेल्वेमार्ग जळगावहून निघतो आणि सुरतेच्या दक्षिण अंगास उधना येथे येऊन थांबतो. याच मार्गाने खानदेशातील असंख्य कुटुंबे येथील यंत्रमागांवर आणि रंगाईच्या कारखान्यांत पोटासाठी आली. त्यांची मुले घरी अहिराणी बोलतात. काही महानगरपालिकेच्या मराठी शाळांतही शिकतात. राहावयाची खोली लहान, गल्ली वाहनांनी भरलेली. तेव्हा या मुलांच्या वाट्याला व्यायाम यायचा तर तो शाळेकडूनच यावयास हवा.

शासनाने याचा विचार केला नाही असे नव्हे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक शाळेस क्रीडांगण आवश्यक ठरविले. सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरांहून अधिक मुले असल्यास शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन शिक्षकही सांगितला. पण हा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांपुरता आहे. चौदाव्या वर्षी, म्हणजे उंची झपाट्याने वाढते आणि हाडांची बळकटी साठते त्याच काळात, हा आधार सुटतो! पुढे नववी-दहावीची परीक्षा येते आणि व्यायामाचा तास हळूच गणिताला दिला जातो. त्याबद्दल पालकही सहसा कुरकुर करीत नाहीत.

गुजरातेत २०१० पासून 'खेल महाकुंभ' भरतो. त्याने गुणी खेळाडूंना वाट मिळते, यात शंका नाही. परंतु स्पर्धा निवड करते, आणि निवड म्हणजे इतरांना वगळणे. खो-खोत पाठलागाला नऊच मुले उतरतात. पन्नासांच्या वर्गातील उरलेल्या एकेचाळीसांनी काय करावे? टाळ्या वाजवाव्यात? पदकांवरून शाळेचे मोल ठरू लागले की शिक्षकाचे लक्ष साहजिकच त्या नवांवर खिळते. ज्याला दम लागतो, ज्याला व्यायामाची गरज सर्वांत अधिक, तोच कडेला उभा राहतो.

जागतिक आरोग्य संघटना या वयास रोज सरासरी एक तास मध्यम ते जोरकस हालचाल सांगते. तिच्या संशोधकांच्या पाहणीप्रमाणे २०१६ साली जगातील ११ ते १७ वयाच्या शंभरांपैकी ८१ मुलांना तेवढी घडत नव्हती. मुलींत हे प्रमाण ८५ होते. मुलींचे कारण वेगळे शोधावयास नको. वयात आल्यावर मैदान त्यांना आपले वाटेनासे होते, आणि कपडे बदलावयास आडोसा नसेल तर त्या जाणार तरी कशा?

मैदान अपुरे असले तरी लेझीम, दोरीवरच्या उड्या, सूर्यनमस्कार यांना अंगण पुरते, आणि त्यांत पन्नासही मुले एकाच वेळी घाम गाळतात. वेळापत्रकातील तो तास मात्र कोणी उसना मागितला, तरी देता कामा नये.