वारुळातला वाघ आणि पिंजऱ्यातले प्रश्न

प्राणिसंग्रहालयाच्या सहलीत एखादे तरी मूल हमखास विचारते, ‘सर, यांना कोंडून का ठेवलंय?’ आपण बहुधा सांगतो, की जंगले कमी होत चालली आहेत, शिकार होते. इथे निदान हे प्राणी सुरक्षित आहेत आणि त्यांची संख्याही वाढते. हे उत्तर कितपत खरे आहे? ते तपासण्यासाठी आफ्रिकेतल्या एका अगदी लहान मांजराची हकीकत पाहू.

या मांजराचे नाव काळ्या पायांचे मांजर (फेलिस नायग्रिपीस). त्याच्या पायांचे तळवे काळे असतात, म्हणून हे नाव. दक्षिण आफ्रिका, नामिबिया आणि बोट्स्वाना या देशांतल्या कोरड्या गवताळ व झुडपी प्रदेशात ते राहते. नराचे वजन साधारण दोन किलो, तर मादीचे सव्वा ते दीड किलो. म्हणजे आपल्या घरच्या मांजराच्या निम्म्याहून कमी. आफ्रिकेतले हे सर्वांत लहान मांजर. आपल्याकडची वाघाटी साधारण याच चणीची असते. दिवसा ते दुसऱ्या प्राण्यांनी खणलेल्या बिळात किंवा वाळवीच्या पोकळ वारुळात दडून बसते. त्यामुळे तिकडच्या आफ्रिकान्स भाषेत त्याला ‘वारुळातला वाघ’ अशा अर्थाचे नाव आहे.

लहान शरीर, मोठी भूक

१९९२ च्या सुमारास किंबर्लीजवळच्या बेनफाँटेन येथे अलेक्झांडर स्लिवा या संशोधकाने या मांजरांच्या गळ्यात रेडिओ-पट्टे बांधून रात्र-रात्र त्यांचा माग काढला. हे मांजर एका रात्रीत सुमारे आठ किलोमीटर चालते आणि दहा ते चौदा लहान प्राणी व पक्षी पकडते, असे त्यातून दिसले. त्याच्या दर दहा झडपांपैकी सुमारे सहा यशस्वी होतात. रोजचे अन्न त्याच्या वजनाच्या साधारण एक षष्ठांश भरते. साठ किलोच्या माणसाने रोज दहा किलो खाण्यासारखेच हे झाले!

एवढे अन्न कशासाठी? शरीर जितके लहान, तितके वजनाच्या मानाने त्याचे पृष्ठफळ जास्त आणि उष्णता बाहेर जाण्याचे प्रमाणही जास्त. घन व त्याचे पृष्ठफळ यांचे गणित आठवीच्या मुलांनाही येते. ते इथे लावून दाखवता येईल. अन्न विखुरलेले असल्याने एका मादीला सुमारे दहा आणि नराला वीस चौरस किलोमीटर प्रदेश लागतो.

या प्रदेशात मेंढपाळ कोल्ह्यांसाठी विषारी आमिषे व सापळे लावतात आणि त्यात हे मांजरही सापडते. रानात आज या जातीची प्रौढ मांजरे दहा हजारांहून कमी असावीत, असा अंदाज आहे. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने तिला ‘असुरक्षित’ गटात ठेवले आहे.

पिंजऱ्यात काय होते?

युरोप-अमेरिकेतल्या काही प्राणिसंग्रहालयांनी ही मांजरे पाळली. तिथे विष नाही, सापळे नाहीत, आयते अन्न मिळते. तरीही त्यांची संख्या म्हणावी तशी वाढली नाही. याची मुख्य कारणे तीन.

पहिले कारण आजाराचे. पिंजऱ्यात मेलेल्या या मांजरांची तपासणी केली, तेव्हा सुमारे ७० टक्के मृत्यूंमागे ‘ॲमिलॉइडोसिस’ हा एकच विकार आढळला. शरीरात कुठे दाह झाला, की यकृत एक विशिष्ट प्रथिन मोठ्या प्रमाणात तयार करते. त्याचे तुकडे चुकीच्या घड्या पडून न विरघळणाऱ्या तंतूंच्या रूपात मूत्रपिंडात साचतात आणि शेवटी मूत्रपिंडे निकामी होतात. आधी वाटले, की हा पिंजऱ्यातल्या ताणाचा परिणाम असेल. पण रानातल्या मांजरांतही हा विकार आढळला. तेव्हा त्याची मुळे आनुवंशिकतेत असावीत असा संशय बळावला. सर्व धागे मात्र अजून उलगडलेले नाहीत.

दुसरे कारण प्रजननाचे. मादी मिलनाला तयार असते ती जेमतेम काही तास. एका वेताला पिल्लेही साधारण दोनच होतात. रानात एकटे राहणारे हे प्राणी. त्यांची जोडी नेमकी केव्हा एकत्र आणावी, हे रखवालदाराला ओळखावे लागते.

तिसरे कारण गणिताचे, आणि ते वर्गात करून पाहता येते. दहा रंगांचे प्रत्येकी दहा मणी एका डब्यात घाला. हे मणी म्हणजे रानातल्या मांजरांतली जनुकीय विविधता. आता डोळे मिटून आठ मणी काढा. ही झाली प्राणिसंग्रहालयातली पहिली मांजरे. किमान दोन रंग इथेच गळले! आता या आठांतून एक मणी उचला, त्याचा रंग लिहा आणि मणी परत टाका. असे आठ वेळा करा. लिहिलेल्या रंगांचे आठ मणी घेऊन पुढची पिढी तयार करा. काही पिढ्यांतच दोन-तीन रंग उरतात. गेलेला रंग परत येत नाही.

हेच सूत्ररूपाने सांगायचे, तर प्रजनन करणाऱ्या प्राण्यांची संख्या ‘न’ असल्यास दर पिढीला १/(२न) इतकी विविधता घटते. दहा प्राणी असतील तर दर पिढीला ५ टक्के. दहा पिढ्यांनंतर सुमारे ६० टक्केच शिल्लक राहते. पन्नास प्राणी असतील तर ९० टक्के टिकते. म्हणूनच जर्मनीतल्या वुपर्टाल येथील प्राणिसंग्रहालयाने या जातीची आंतरराष्ट्रीय वंशनोंदवही सांभाळली. कोणाचे आईबाप कोण, हे पाहून जोड्या ठरवायच्या आणि त्यासाठी मांजरे एका देशातून दुसऱ्या देशात न्यायची.

गोठवलेली पिढी

पिढ्यांची गती कमी केली, तर ही गळतीही मंदावेल. इथे शीतकरणाचा उपयोग होतो. २००३ साली अमेरिकेतल्या ओमाहा येथील एका नराचे वीर्य घेऊन गोठवले गेले. २००५ साली त्यातून काचपात्रात फलन करून भ्रूण तयार झाले; तेही उणे १९६ अंश सेल्सिअस तापमानाच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवले. न्यू ऑर्लिन्सच्या ऑडुबॉन केंद्रात असे भ्रूण याच जातीच्या एका मादीच्या गर्भाशयात सोडण्यात आले आणि फेब्रुवारी २०११ मध्ये दोन पिल्ले जन्मली. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी २०१२ मध्ये, एका साध्या पाळीव मांजरीच्या पोटी या जातीचे पिल्लू जन्माला आले.

हे यश मोठे आहे, पण त्याने मूळ प्रश्न सुटत नाही. गोठवलेला भ्रूण जनुके जपतो. शिकार कशी करावी, कोल्ह्यापासून कसे लपावे, हे शिकवत नाही. आणि पिल्लू वाढले, तरी त्याला सोडायला दहा चौरस किलोमीटर निर्विष रान हवेच.

जुन्नरच्या परिसरात ऊसतोडणीच्या वेळी वाघाटीची पिल्ले सापडतात. ती पिंजऱ्यात न नेता पुन्हा आईजवळ पोहोचवण्याचे प्रयत्न तिथे यशस्वी झाले आहेत. जोवर आई आहे आणि रान आहे, तोवर हाच मार्ग पहिला.

मग मुलांच्या प्रश्नाला काय उत्तर द्यावे? पिंजरा हा विम्यासारखा आहे, असे सांगता येईल. विमा असावा, त्यातून या जातीचे आजार, प्रजनन यांविषयी कितीतरी कळलेही आहे. पण विमा उतरवला म्हणून कोणी घराला आग लागू देत नाही. हे उत्तर देऊन झाल्यावर मण्यांचा डबा मुलांच्या हाती द्यावा. गेलेला रंग परत आणायचा, तर तो कुठून आणावा लागेल, हे त्यांनाच शोधू द्यावे.