घरचा उद्योग आणि वेळेची शिस्त

कचेरीत किंवा कारखान्यात काम करणाऱ्या माणसाच्या वेळेची राखण दुसरे कोणी तरी करीत असते. भोंगा वाजला की काम सुरू होते आणि भोंगा वाजला की ते थांबते. घरी उद्योग करणाऱ्याला असा भोंगा नसतो. घराची ओटी हाच त्याचा कारखाना, आणि तेथे येणारा प्रत्येक जण गिऱ्हाईकही असतो नि पाहुणाही. त्यामुळे त्याची वेळ सर्वांचीच होऊन बसते. आणि जी वेळ सर्वांची झाली, ती कामाची राहत नाही. या अडचणीतून वाट कशी काढावी, हे समजून घेण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. गोव्यात पेडणे आणि डिचोली या तालुक्यांत घरच्या घरी चालणाऱ्या गणपतीच्या चित्रशाळा पाहिल्या, तरी पुष्कळ शिकण्यासारखे आहे.

चित्रशाळा म्हणजे चिकणमातीच्या गणेशमूर्ती घडविण्याची जागा. पुष्कळदा ती घराची पडवी किंवा अंगणातील मांडव असते, आणि कला बापाकडून मुलाकडे आलेली असते. चवथीच्या आधी काही आठवडे गावकरी आपला पाट मूर्तिकाराकडे आणून देतात. ज्या घरचा पाट, त्या घरची मूर्ती. भिंतीशी ओळीने लावलेले हे पाट म्हणजे मूर्तिकाराची मागणीवहीच होय. इतर मालाला उशीर झाला, तर गिऱ्हाईक कुरकुरते, पण माल नेते. चवथीच्या दुसऱ्या दिवशी तयार झालेली मूर्ती मात्र कोणी नेत नाही; आणि एखाद्या घरचा पाट रिकामा परत गेला, तर पिढ्यांचा ऋणानुबंध तुटण्याची वेळ येते. वेळ चुकली तर या धंद्यात पैशाबरोबर पतही जाते.

शिवाय हा मुहूर्त इंग्रजी तारखेने स्थिर नसतो. चतुर्थी 2024 साली 7 सप्टेंबरला आली, 2025 साली 27 ऑगस्टला आली, आणि 2026 साली अधिक ज्येष्ठ मासामुळे ती 14 सप्टेंबरवर गेली. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे 11 दिवसांनी लहान असल्यामुळे हा फरक पडतो. म्हणून ‘गेल्या वर्षी अमुक तारखेला काम सुरू केले होते’ हा हिशेब मूर्तिकाराच्या उपयोगी पडत नाही. त्याला चतुर्थीपासून मागे मोजत यावे लागते. घरी उद्योग करणाऱ्या प्रत्येकाने घ्यावा असा पहिला धडा तो हाच. आज काय करावे, हे आजच्या लहरीवर न ठरविता शेवटच्या दिवसावरून ठरवावे.

मागे मोजताना मातीचा स्वभावही ध्यानी घ्यावा लागतो. ओली माती सुकताना आकसते. पातळ भाग आधी सुकतो, जाड भाग मागून. घाई केली, तर मूर्तीला भेगा पडतात. पुरती सुकली नसताना रंग दिला, तर तो पोपडे धरून सुटतो. त्यातून हे सारे काम ऐन पावसाळ्यात, हवा दमट असताना उरकायचे. प्लास्टरची मूर्ती झटपट घट्ट होते. पण ती पाण्यात विरघळत नाही, आणि गोव्यात तिच्यावर बंदी आहे. तेव्हा मूर्तिकाराला माणसे वाढवून हात वाढविता येतील, परंतु सुकण्याची वेळ विकत घेता येणार नाही. प्रत्येक धंद्यात असा एखादा टप्पा असतो. तो आधी ओळखावा आणि बाकीची कामे त्याच्या भोवती बसवावी.

सी. नॉर्थकोट पार्किन्सन या इंग्रज लेखकाने 1955 साली लिहिलेल्या एका विनोदी निबंधात म्हटले होते की, कामाला जितका वेळ द्यावा, तितके ते पसरत जाते. घरी तर हे पदोपदी अनुभवास येते. यावर उपाय एकच: प्रत्येक टप्प्याला त्याची स्वतःची चतुर्थी नेमून द्यावी. साच्याचे काम अमुक दिवशी संपले पाहिजे, पांढरा हात अमुक दिवशी, अंगाचा रंग अमुक दिवशी, असे ठरले की अखेरच्या रात्रींचे जागरण टळते.

आता चित्त एकाग्र करण्याचा प्रश्न. सगळीच कामे सारखे लक्ष मागत नाहीत. माती मळणे, काचकागदाने मूर्ती घासणे ही कामे बोलत बोलत होतात. परंतु डोळ्यांची आखणी तशी होत नाही. तेथे हात किंचित चळला, तरी देवाची मुद्रा बदलते. सोफी लरॉय या संशोधिकेने 2009 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखविले की, एक काम अपुरे टाकून दुसऱ्याकडे वळले, तर मनाचा काही अंश पहिल्यातच गुंतून राहतो. म्हणून आखणीसाठी पहाटेची किंवा रात्रीची निवांत वेळ राखून ठेवणे, त्या वेळी मोबाईल दूर ठेवणे आणि आल्यागेल्याला भेटण्याची निराळी वेळ सांगणे, यात तुसडेपणा नाही. तो कामाचा धर्म आहे.

नकार देण्याचे धैर्यही हिशेबातूनच येते. समजा, एका मूर्तीच्या आखणीला अर्धा तास लागतो आणि पाट 120 आहेत. म्हणजे 60 तास झाले. रोज निवांत असे तीनच तास मिळत असतील, तर केवळ आखणीला 20 दिवस हवेत. हा आकडा समोर असला, म्हणजे एकशे एकविसावा पाट आणणाऱ्याला आदराने ‘यंदा जमणार नाही’ असे वेळीच सांगता येते. ऐन वेळी फसविण्यापेक्षा ते बरे.

शेवटी एक गोष्ट विसरता कामा नये. घरच्या उद्योगात घरच्या बायकांची वेळ सहसा कोणी मोजत नाही. त्याच दिवसांत शेतातली कामे असतात, स्वयंपाक असतो, सणाची तयारी असते; आणि रंग कालवायला, मूर्ती घासायला हाक येते ती त्यांनाच. ज्या वेळापत्रकात हे तास धरलेले नाहीत, ते वेळापत्रक खोटे होय. घरातील प्रत्येकाचा तास मोलाचा मानला, त्याला काम आणि विसावा दोन्ही नेमून दिले, तरच घर हे घर राहते आणि धंदा हा धंदा राहतो.