पेठ ओलांडणारी प्रार्थना

पुणे प्रार्थना समाज १८७० साली सुरू झाला. मुंबईचा समाज त्याच्या तीन वर्षे आधीचा, ३१ मार्च १८६७ चा. ईश्वर एक आहे, त्याला मूर्ती नाही, अवतार नाही, कोणताही एक ग्रंथ अपौरुषेय नाही, आणि सत्य ज्या धर्मात सापडेल तिथून ते घ्यावे, ही त्यांची श्रद्धा. उपासनेत उपनिषदे असत, तुकोबांचे अभंग असत, बायबलमधले उतारेही असत. पेशवाई बुडून जेमतेम पन्नास वर्षे झालेल्या शहरात असे म्हणायला धैर्य लागत होते. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे १८७१ मध्ये बदलीवर पुण्यात आले आणि या उपासनेला त्यांनी विद्वत्तेचे आणि सौजन्याचे बळ दिले. पुढे डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी बुधवार पेठेतल्या या समाजात वर्षानुवर्षे प्रवचने केली.

मात्र या समाजाने सभासदांना एक मोकळीक दिली होती. जात मोडलीच पाहिजे अशी अट त्यांनी घातली नाही. बंगालमधल्या ब्राह्मसमाजात जानवे टाकण्यावरून फूट पडली होती, तशी इथे पडू नये म्हणून ही सावधगिरी. हेतू चांगला होता. पण पुण्यात उदार धर्माची परीक्षा पुढची शंभर वर्षे याच जागी होत राहिली. कोण कोणाच्या घरी पाणी पितो, कोण कोणत्या वस्तीत राहायला जातो, यावर ती ठरली. त्या परीक्षेत कोण कुठवर गेले, हे पाहण्यासाठी हा मागोवा.

महात्मा फुले यांचे उत्तर समाज स्थापन होण्याआधीच तयार होते. १८४९ मध्ये वडिलांचे घर सोडावे लागले तेव्हा जोतीराव-सावित्रीबाईंना गंज पेठेत उस्मान शेख यांनी आसरा दिला. सावित्रीबाईंच्या १८५६ च्या पत्रात फातिमाचा (ती उस्मान शेख यांची बहीण मानली जाते) उल्लेख येतो तो घरच्या माणसासारखा. १८६८ मध्ये फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज निघाला. त्याचाही देव एकच, त्यालाही मूर्ती नको, मध्यस्थ नको. वरवर पाहता बुधवार पेठ आणि गंज पेठ एकाच निर्मिकाची प्रार्थना करत होत्या. तरीही 'सत्सार' या १८८५ च्या पुस्तिकेत फुल्यांनी ब्राह्मसमाज आणि प्रार्थना समाज या दोघांवर कडक टीका केली. ती मला आजही रास्त वाटते. ज्याच्या स्पर्शाचा विटाळ संपला नाही, त्याच्यासाठी केलेली प्रार्थना अर्धीच राहते.

दोन्ही समाज एकदा मात्र रस्त्यावर एकत्र आले. १८७५ च्या उन्हाळ्यानंतर स्वामी दयानंद सरस्वती पुण्यात आले, त्यांची व्याख्याने झाली आणि ५ सप्टेंबरला मिरवणूक निघाली. सनातन्यांनी विरोधात गाढवाची मिरवणूक काढली, चिखल फेकला, मारामारी झाली. रानडे मिरवणुकीत होते आणि संरक्षणाला फुले आपली माणसे घेऊन आले होते. वेद अंतिम मानणाऱ्या संन्याशासाठी वेद नाकारणारे फुले उभे राहिले. दुसऱ्याच्या श्रद्धेशी मतभेद ठेवून त्याच्या बोलण्याच्या हक्कासाठी अंगावर चिखल घेणे, याहून मोठा सर्वधर्मसमभाव मला ठाऊक नाही. फुल्यांच्या निधनानंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त त्यांनी असे कुटुंब कल्पिले आहे की ज्यात आई, वडील, मुलगा, मुलगी वेगवेगळ्या धर्माचे असतील आणि तरी प्रेमाने एका छताखाली नांदतील. एकशे तीस वर्षांहून अधिक काळ लोटला. असे घर आजही आपल्याकडे बातमीचा विषय होते.

पुण्याच्या उदारमतवाद्यांची कुठे अडचण होत होती, हे दोन प्रसंगांनी उघड झाले. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये व्याख्यानानंतर चहा-बिस्किटे आली. गोपाळराव जोशींनी हजर असलेल्यांची नावे छापून आणवली, आणि रानडे, टिळक, गोखले यांच्यासह सगळे ग्रामण्यात, म्हणजे जातीच्या बहिष्कारात, सापडले. शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेले. १८९२ मध्ये रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. दुसरा प्रसंग पंडिता रमाबाईंचा. १८८२ मध्ये त्यांनी पुण्यात आर्य महिला समाज काढला, १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, आणि १८९० च्या अखेरीस त्यांचे शारदा सदन मुंबईहून पुण्यात आले. बालविधवांना तिथे डोक्यावर केस राखता येत होते, शिकता येत होते. धोंडो केशव कर्व्यांची पत्नी आनंदीबाई याच सदनाची विद्यार्थिनी. पण मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्याचे कळताच १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांनी सल्लागारपद सोडले. एकाच ईश्वराची उपासना करणाऱ्यांना ती उपासना एका ख्रिस्ती विदुषीच्या खोलीत चालली की जड जात होती. रानड्यांच्या मोठेपणाला यामुळे उणेपणा येतो असे मी म्हणणार नाही. त्यांच्या घरातला, वाड्यातला दाब किती होता हे त्यांच्या पत्नी रमाबाई रानडे यांच्या आठवणींतून कळते. पण पुढे जायला दुसरे कोणीतरी हवे होते.

तो माणूस जमखंडीहून आला. विठ्ठल रामजी शिंदे यांचा जन्म २३ एप्रिल १८७३ चा, म्हणजे सत्यशोधक समाजाच्याच वर्षीचा. घरात वारकरी वळण. १८९३ मध्ये ते फर्ग्युसन कॉलेजात दाखल झाले. मिल, स्पेन्सर वाचून काही काळ त्यांची देवावरची श्रद्धा डळमळली. मग माक्स म्युल्लर वाचनात आले, रानडे-भांडारकरांचा सहवास घडला आणि श्रद्धा परत आली, ती वेगळी होऊन. १८९८ मध्ये त्यांनी बी. ए. केले आणि प्रार्थना समाजाची दीक्षा घेतली. वकिलीचा अभ्यास सोडला. बहुजन घरातल्या पहिल्या पदवीधरांपैकी एकाने पोटापाण्याचा रस्ता सोडून धर्मप्रचारक व्हायचे ठरवले, हे त्या काळी नातेवाइकांना कसे पटले असेल याचा विचार वाचकांनी करावा.

१९०१ मध्ये ते ऑक्सफर्डला गेले. युनिटेरियन पंथाच्या लोकांनी चालवलेल्या मँचेस्टर कॉलेजात दोन वर्षे तौलनिक धर्माचा आणि पाली भाषेचा अभ्यास केला. एस्टलिन कार्पेंटर हे तिथले त्यांचे गुरू. प्रवासाला सयाजीराव गायकवाडांची मदत होती. सप्टेंबर १९०३ मध्ये ॲम्स्टरडॅमला जगभरच्या उदार धर्मवाद्यांची परिषद भरली आणि तिथे शिंद्यांनी हिंदुस्थानातल्या उदार धर्मावर निबंध वाचला. १९०० मध्ये बॉस्टनला स्थापन झालेल्या ज्या संघटनेची ही परिषद होती, ती आज धर्मस्वातंत्र्यासाठीची आंतरराष्ट्रीय संघटना म्हणून काम करते. तिच्या आरंभकाळातच एका मराठी प्रतिनिधीने तिच्या व्यासपीठावरून भाषण केले होते, ही गोष्ट महाराष्ट्रात फारशी सांगितली जात नाही.

परत आल्यावर ते मुंबई प्रार्थना समाजाचे प्रचारक झाले आणि त्यांनी एक साधे काम केले. ते अस्पृश्यांच्या वस्त्या पाहत फिरले. १९०५ मध्ये पुण्याच्या मीठगंजात त्यांनी अस्पृश्य मुलांसाठी रात्रशाळा काढली. त्याच वर्षी अहमदनगरजवळ भिंगारला तिथल्या महार मंडळींची रात्री सभा झाली आणि तिथून त्यांचा निश्चय पक्का झाला. १८ ऑक्टोबर १९०६ रोजी मुंबईत परळला 'डिप्रेस्ड क्लासेस मिशन'ची पहिली शाळा उघडली. मराठीत या मिशनला निराश्रित साहाय्यकारी मंडळी म्हणत. अध्यक्ष नारायण गणेश चंदावरकर. शिक्षण, नोकऱ्या मिळवून देणे, सामाजिक अडचणी दूर करणे हे हेतू होतेच. चौथा हेतू उदार धर्माची आणि सुनागरिकत्वाची तत्त्वे सांगण्याचा होता. हा चौथा हेतू पुढच्या चरित्रकारांनी बऱ्याचदा बाजूला ठेवला. माझ्या मते तोच शिंद्यांचा गाभा आहे. शाळा चालवणे आणि प्रार्थना करणे ही दोन कामे त्यांच्या लेखी निराळी नव्हती. त्यांची बहीण जनाक्का, पत्नी रुक्मिणीबाई, आईवडील, सगळे घर मिशनच्या कामाला लागले. सभेत ठराव करून संध्याकाळी आपल्या आळीत परतणारे सुधारक पुण्या-मुंबईने पुष्कळ पाहिले होते. सगळे बिऱ्हाड वस्तीत नेणारा सुधारक नवा होता.

पुणे शाखा १९०८ मध्ये लष्कर भागात सुरू झाली. १९१० मध्ये शिंद्यांनी मतभेदांमुळे प्रार्थना समाजाचे प्रचारकपद सोडले. त्याच सुमारास खंडोबाला मुली मुरळी म्हणून सोडण्याच्या प्रथेविरुद्ध त्यांनी मोहीम उघडली. १९१२ मध्ये ते पुण्याला राहायला आले आणि ऑक्टोबरात फर्ग्युसन कॉलेजात अस्पृश्यता निवारण परिषद भरवली. अध्यक्ष डॉ. भांडारकर. पंच्याहत्तर वर्षांचा संस्कृत पंडित अस्पृश्यतेला शास्त्राधार नाही असे सांगायला त्या सभेत बसला होता, हे विसरून चालणार नाही. इंदूरच्या तुकोजीराव होळकरांनी इमारतीसाठी वीस हजार रुपये दिले आणि नाना पेठेतली संस्था अहिल्याश्रम झाली. वसतिगृह, शाळा, हातकामाचे शिक्षण, आणि आठवड्याची उपासना. बुधवार पेठ ते नाना पेठ हे अंतर चालत काही मिनिटांचे आहे. प्रार्थनेला ते कापायला चाळीस वर्षांहून अधिक काळ लागला.

राजकारणातही त्यांनी हाच आग्रह धरला. १९१७ च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये, ॲनी बेझंट अध्यक्ष असताना, अस्पृश्यतेविरुद्धचा पहिला ठराव झाला. तो व्हावा म्हणून मागे लागलेला माणूस शिंदे. मार्च १९१८ मध्ये मुंबईला सयाजीरावांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्यता निवारण परिषद झाली. तिथे लोकमान्य टिळकांनी अस्पृश्यतेविरुद्ध खणखणीत भाषण केले. मात्र आपण स्वतः अस्पृश्यता पाळणार नाही, अशा जाहीरनाम्यावर त्यांनी सही केली नाही.

आता कठीण भाग. अहिल्याश्रमात शिकलेल्या तरुणांना वाटू लागले की आमच्या संस्थेचा कारभार आमच्याच हातात हवा. मे १९२० मध्ये नागपूरला शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखालच्या बहिष्कृतांच्या परिषदेने शिंद्यांच्या एका सूचनेचा निषेध केला. अस्पृश्यांचे प्रतिनिधी कायदेमंडळाच्या सभासदांनी निवडावेत अशी ती सूचना होती. डॉ. आंबेडकरांचा त्या सूचनेला ठाम विरोध होता आणि इथे आंबेडकर बरोबर होते असे माझे मत आहे. दुसऱ्याने, तो कितीही निर्मळ असो, आपला प्रतिनिधी नेमावा हे कोणत्या स्वाभिमानी माणसाला चालेल? शिंद्यांना एकजूट हवी होती, आंबेडकरांना हक्क हवे होते. १९२३ मध्ये शिंदे मिशनच्या कारभारातून बाहेर पडले. ज्यांच्यासाठी आयुष्य दिले त्यांच्यातले अनेक दुरावले. सवर्ण त्यांना आपला मानत नव्हतेच. मराठा म्हणून राखीव जागेवर उभे राहायला नकार दिल्यामुळे ज्ञातिबांधवही रागावले होते. या एकटेपणात ते कडवट झाले नाहीत. ब्राह्मसमाजाच्या कामासाठी १९२४ मध्ये मंगळूरला गेले, वायकोमच्या सत्याग्रहात गेले, १९२७ मध्ये बौद्ध धर्म पाहायला ब्रह्मदेशात गेले, १९३० मध्ये कायदेभंगात येरवड्याला गेले. १९३३ मध्ये 'भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न' हा ग्रंथ आला.

मधल्या काळात पुण्याची परीक्षा पुन्हा झाली. १३ ऑक्टोबर १९२९ रोजी शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज आणि त्यांचे सहकारी मंदिरप्रवेशासाठी पर्वती चढले. काकासाहेब गाडगीळ, एस. एम. जोशी असे सवर्ण तरुणही त्यांच्याबरोबर होते. दार बंद होते, वरून दगड आले. शिंदे सत्याग्रहींच्या बाजूने उभे राहिले. काही महिने आंदोलन चालले, मंदिर उघडले नाही. रानड्यांच्या, भांडारकरांच्या, फुल्यांच्या शहरात हे घडले.

यानंतरचा एकच धागा सांगतो, कारण त्याच्या नावातच जुना धागा आहे. २२ मार्च १९७० रोजी हमीद दलवाईंनी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. चार वर्षांपूर्वी, १८ एप्रिल १९६६ ला, त्यांनी तोंडी तलाकविरुद्ध सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईच्या विधिमंडळावर नेला होता. दलवाईंची भाषा श्रद्धेची नव्हती, विवेकाची होती, त्यामुळे त्यांना शिंद्यांच्या रांगेत बसवणे बरोबर नाही. पण आपल्याच समाजातल्या सर्वांत दबलेल्या माणसाच्या बाजूने आपल्याच धर्ममार्तंडांना प्रश्न विचारायचा, ही रीत गंज पेठेतली. दलवाई ३ मे १९७७ ला गेले, वय अवघे चव्वेचाळीस. मंडळ सय्यदभाईंसारख्या पुणेकर कार्यकर्त्यांनी चालू ठेवले. २२ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तिहेरी तलाक अवैध ठरवला, त्या सात बायकांच्या मोर्चानंतर एक्कावन्न वर्षांनी.

महर्षी शिंदे २ जानेवारी १९४४ रोजी पुण्यात वारले. त्यांचे 'माझ्या आठवणी व अनुभव' मराठीतल्या थोर आत्मचरित्रांपैकी एक आहे, आणि गो. मा. पवारांनी लिहिलेल्या त्यांच्या चरित्राला २००७ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आहे. दोन्ही पुस्तके वाचा. आणि तुमच्या शहरात, तुमच्या देवळात, मशिदीत, चर्चमध्ये, विहारात जी प्रार्थना होते, तिला कोणत्या पेठेतली माणसे अजून आलेली नाहीत, हे या आठवड्यात एकदा पाहून या.