गासमन, व्हीत्तोरीओ
(१ सप्टेंबर १९२२–२९ जून २०००). विख्यात इटालियन नट व नाट्यदिग्दर्शक. जन्म जेनोआ येथे. वडील जर्मन अभियंते व आई ज्यू वंशाची इटालियन. रोमच्या राष्ट्रीय नाट्यप्रबोधिनीत त्याने अभिनयाचे शिक्षण घेतले आणि १९४३ मध्ये मिलान येथे रंगभूमीवर पदार्पण केले. दिग्दर्शक लुकीनो व्हिस्काँती याने बसविलेल्या टेनेसी विल्यम्सच्या अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर (१९४९) या नाटकातील स्टॅन्ली कोवाल्स्की, तसेच आल्फ्येरीच्या शोकात्मिकेतील ओरेस्तेस या भूमिकांनी त्याची कीर्ती झाली. लुईजी स्क्वार्त्सीना याच्या सहकार्याने त्याने १९५२ मध्ये हॅम्लेट सादर केले. ऑथेल्लो (१९५६) या नाटकात ऑथेल्लो व इयागो या भूमिका तो आणि साल्व्हो रांदोने आलटून-पालटून करीत. उंच देहयष्टी, भारदस्त आवाज आणि पद्यपठणावरील असामान्य प्रभुत्व ही त्याच्या नाट्याभिनयाची वैशिष्ट्ये होत.

हेच गुण चित्रपटात मात्र प्रारंभी त्याला अडचणीचे ठरले. रीझो आमारो (१९४९, म. शी. कडू तांदूळ) या चित्रपटातील चोराच्या भूमिकेनंतर त्याच्या वाट्याला बहुधा देखण्या खलपुरुषाच्या ठरीव भूमिका येत गेल्या. हॉलिवुडमधील वास्तव्यातही हे चित्र फारसे पालटले नाही. मार्यो मोनिचेल्लीच्या ई सोलिती इन्योती (१९५८) या चित्रपटाने ही कोंडी फोडली. गासमनला विनोदी भूमिका देण्यास निर्माते राजी नव्हते. तेव्हा रंगभूषेने त्याचे कपाळ अरुंद व नाक बेढब करण्यात आले आणि त्याला तोतरे बोलावयास लावले. त्याने रंगविलेला हा मंदबुद्धी मुष्टियोद्धा कमालीचा लोकप्रिय झाला. व्हेनिस महोत्सवात सुवर्णसिंहाचा मान विभागून मिळविणाऱ्या ला ग्रांदे ग्वेर्रा (१९५९, म. शी. महायुद्ध) या चित्रपटातील भित्र्या सैनिकाची भूमिका त्याने आल्बेर्तो सोर्दीसमवेत केली. दीनो रीझीच्या इल सोर्पासो (१९६२) मधील ब्रूनो हा भरधाव मोटार हाकणारा, वरकरणी उमदा पण आतून पोकळ असा गृहस्थ म्हणजे आर्थिक भरभराटीच्या काळातील इटालियन समाजाचे जणू प्रतीकच होय. लार्माता ब्रांकालेओने (१९६६) मधील दरिद्री सरदाराच्या भूमिकेत त्याने स्वतःच्याच भारदस्त नाटकी वाणीचे विडंबन केले. शोकनटाचे सामर्थ्य अशा प्रकारे विनोदाचे साधन बनले.

चित्रपटांतील यशानंतरही त्याने रंगभूमी सोडली नाही. १९६० मध्ये त्याने ‘तेआत्रो पोपोलारे इतालिआनो’ ही संस्था स्थापून फिरत्या नाट्यगृहातून मान्झोनीच्या आदेल्की सारखी अभिजात नाटके सामान्य प्रेक्षकांपर्यंत नेली. १९७९ मध्ये फ्लॉरेन्स येथे त्याने नाट्यप्रशिक्षणाची कार्यशाळा सुरू केली. दान्तेच्या काव्याचे त्याने केलेले पठणही गाजले. इल मात्तातोरे (१९५९) या दूरचित्रवाणी कार्यक्रमावरून ‘मात्तातोरे’, म्हणजे सर्व रंगमंच व्यापून टाकणारा नट, हे बिरुद त्याला कायमचे चिकटले.

प्रोफूमो दी दोन्ना (१९७४) मधील अंध निवृत्त कॅप्टनच्या भूमिकेसाठी त्याला १९७५ च्या कॅन महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे पारितोषिक मिळाले. कडवट उपहासाआड दडलेले एकाकीपण त्याने या भूमिकेत प्रत्ययकारी रीत्या प्रकट केले. याच कथेवरील अमेरिकन चित्रपटात (१९९२) ही भूमिका अल् पचीनोने केली. एत्तोरे स्कोलाच्या चेरावामो तांतो आमाती (१९७४) व ला फामील्या (१९८७) या चित्रपटांतील त्याच्या भूमिकाही उल्लेखनीय आहेत. पाठीमागे एक उज्ज्वल भवितव्य अशा अर्थाच्या उपरोधिक शीर्षकाचे त्याचे आत्मचरित्र १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले. उत्तरायुष्यात त्याला खिन्नतेच्या विकाराने ग्रासले होते व त्याविषयी तो उघडपणे बोलत असे. १९९६ मध्ये व्हेनिस महोत्सवात जीवनगौरवार्थ सुवर्णसिंह देऊन त्याचा सन्मान करण्यात आला. रोम येथे त्याचे निधन झाले. त्याचा मुलगा आलेस्सांद्रो हाही अभिनेता आहे.