अनोळखी रोप : डेझीचे की गाजरगवताचे?

पावसाळा ओसरू लागला की गच्चीवरील कुंड्यांमध्ये आणि अंगणातील वाफ्यांमध्ये कुणीही न पेरलेली रोपे डोके वर काढतात. काही गेल्या हंगामात गळलेल्या बियांची असतात, काही विकतच्या मातीतून किंवा शेणखतातून आलेली, तर काहींचे बी वाऱ्याने आणलेले असते. अशा वेळी हौशी बागप्रेमींकडून दोन चुका होतात. एक तर सारीच रोपे तण म्हणून उपटली जातात किंवा डेझीच्या आशेने गाजरगवताला महिनाभर पाणी घातले जाते. पहिल्या चुकीत फुले जातात. दुसरी आरोग्यावर बेतू शकते.

हा गोंधळ होण्यामागे कारण आहे. शास्ता डेझी, ॲस्टर, शेवंती, झेंडू, झिनिया, कॉसमॉस आणि गाजरगवत ही सारी सूर्यफुलाच्या कुळातील भावंडे. या कुळातील एक 'फूल' म्हणजे प्रत्यक्षात अनेक चिमुकल्या फुलांचा गुच्छ असतो. डेझीच्या पांढऱ्या 'पाकळ्या' आणि मधली पिवळी चकती ही सारी स्वतंत्र फुलेच होत.

ओळख पानांवरून

उगवताना येणारी पहिली दोन पाने, म्हणजेच बीजपत्रे, या कुळात बहुतांशी सारखीच दिसतात. त्यामुळे नंतरची चार ते सहा पाने येईपर्यंत थांबणे श्रेयस्कर.

खोडावर पाने समोरासमोर असतील, तर ते रोप गाजरगवताचे नव्हे. त्यातही पाने दोऱ्यासारखी बारीक चिरलेली असल्यास कॉसमॉस, चुरगाळल्यावर उग्र वास आल्यास झेंडू, अखंड, खरखरीत व बिनदेठाची असल्यास झिनिया समजावे. पाने केसाळ, दातेरी आणि खोड जमिनीलगत पसरणारे असल्यास ती रानटी एकदांडी असते.

पाने एकाआड एक किंवा जमिनीलगत चक्राकार असतील, तर अधिक सावध राहावे. शास्ता डेझीची पाने जाड, गर्द हिरवी व दातेरी असतात. ॲस्टरची पाने ठळक दातेरी, तर शेवंतीची रुंद खाचांची असतात. गाजरगवताची पाने मात्र लवदार आणि गाजराच्या पाल्यासारखी खोलवर चिरलेली दिसतात. अशी पाने वास घेण्यासाठी हाताने चुरगाळू नयेत.

धोका कशाचा?

मूळच्या अमेरिका खंडातील गाजरगवताची पुण्यातील नोंद १९५६ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे ते देशभर पसरले. त्याच्या स्पर्शाने अनेकांना त्वचेचा दाह होतो, तर परागकणांमुळे सर्दी व दम्याचा त्रास बळावतो. एकच झाड हजारो बिया टाकते आणि उगवल्यापासून साधारण महिना-दीड महिन्यात फुलावर येते. शंका असल्यास रोप वेगळ्या कुंडीत ठेवावे. फांद्यांच्या टोकांना पाच कोपऱ्यांच्या बारीक पांढऱ्या कळ्या दिसताच हातमोजे घालून ते मुळासकट उपटावे. फुलावर आलेले झाड खतखड्ड्यात टाकू नये.

रोप ओळखल्यानंतर

ओळख पटलेली रोपे चार-पाच पानांची झाली, की सायंकाळी मुळांभोवतीच्या मातीसह हलवावीत. माती, शेणखत आणि थोडी वाळू असे निचरा होणारे मिश्रण वापरावे. दोन रोपांत २० ते ३० सेंटिमीटर अंतर आणि दिवसाला किमान पाच-सहा तास ऊन असावे. झेंडू, झिनिया आणि शेवंतीचा शेंडा एकदा खुडल्यास फुटवे वाढून फुले अधिक येतात. युरियासारख्या नत्रयुक्त खतांचा मारा टाळावा. त्याने पाने माजतात, फुले लांबतात.

संकरित वाणांच्या गळलेल्या बियांपासून आईसारखीच फुले मिळतील, याची मात्र खात्री नसते. गेल्या वर्षीच्या भरगच्च झेंडूच्या जागी यंदा एकेरी पाकळ्यांचा झेंडू उमलला, तर रोप ओळखण्यात चूक झाली असे समजण्याचे कारण नाही.