उकळलं म्हणजे झालं?

हॉस्टेलच्या किटलीत तळाशी धरलेला पांढरा थर बघितलाय ना? ते पाण्यातले क्षार. अशाच क्षारांनी इंग्लंडमधल्या बर्टन-अपॉन-ट्रेंट गावाचं नाव केलं. तिथल्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम भरपूर, म्हणून पेल एल बिअरचा कडवटपणा खुलतो. ब्रिटनमध्ये १९६३ पासून घरच्यापुरती बिअर बनवायला परवाना लागत नाही. तिथले हौशी लोक क्षार कमी असलेल्या पाण्यात मोजून जिप्सम घालतात. पण पाणी विहिरीचं असेल, तर आधी लॅब टेस्ट! उकळल्यावर जंतू मरतात, थोडे क्षार तळाला बसतात. नायट्रेट मात्र जात नाही. पाणी आटलं की त्याचं प्रमाण उलट वाढतं. आपल्याकडे परवान्याशिवाय बिअर बनवणं गुन्हा आहे, पण गावच्या विहिरीचं पाणी तर आपण पितोच. मग रिपोर्ट कधी काढताय?